खाडी साफ करताना गावाला विचारायला लावायचं कसं?

राष्ट्रीय हरित लवाद, म्हणजे पर्यावरणाचे वाद ऐकणारं न्यायाधिकरण, नेमतं त्या संयुक्त समितीची माणसं आमच्या बंधाऱ्यावर उतरली आणि पहिलाच प्रश्न आला, "मासे कोणत्या तारखेला मेले?"

तीस-पस्तीस माणसं जमली होती. कुणी म्हणालं शिमग्याच्या आसपास, कुणी म्हणालं गेल्या वर्षी दोनदा, एकाने तर "साहेब, रोजच मरतात" असं सांगून टाकलं. मच्छीमार सोसायटीची लिखापढी मी बघतो, म्हणून मला पुढे उभं केलेलं. माझ्याकडे निवेदनांची जाडजूड फाइल होती, पण तिच्यात एकही तारीख नव्हती. "वारंवार", "अनेकदा", "गेली कित्येक वर्षे" एवढंच.

मागून एक काकू बोलली. ती खाडीत कालवं काढते. "संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी. पहाटे. पाणी उतरत होतं." कोणती संकष्टी तेही तिला आठवत होतं, कारण उपास सोडायला आणलेली बोय बाजारातली होती, खाडीतली नव्हती. समितीतल्या एकाने मोबाइलवर पंचांग उघडून तारीख काढली, आणि त्या एका दिवसाचा ऑनलाइन मोजणीचा तक्ता सांडपाणी केंद्राकडून मागवायचं तिथेच लिहून घेतलं. आमची फाइल कुणी उघडलीही नाही.

त्या दिवसापासून जे शिकलो ते इथे लिहितो. तारापूरपासून तळोजा, रोहा-धाटाव, महाड, लोटे-परशुरामपर्यंत कोकणात रासायनिक वसाहती नद्या-खाड्यांच्या काठावर आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी खालच्या अंगाला कुणीतरी पाग (फेकायचं जाळं) टाकणारं, कालवं काढणारं, खारजमीन कसणारं गाव आहे. प्रदूषण थांबवा म्हणून आपण मोर्चे काढतो. पण झालेली घाण काढायची कशी, कुठवर, कुणाच्या पैशाने, हे ठरतं तेव्हा आपण बहुधा खोलीबाहेर असतो. आत जायचा रस्ता कागदाचा आहे.

आधी वही

शंभर पानी वही घ्या, पानांना आकडे घाला. मधलं पान फाडलं की वहीची किंमत गेली. रोज लिहायची गरज नाही, पण दिसेल त्या दिवशी त्याच दिवशी लिहायचं: तारीख, वेळ, जागा, भरती की ओहोटी, पाण्याचा रंग, वास, फेस, मेलेले मासे कोणते आणि साधारण किती, आणि बघणाऱ्या दोघांच्या सह्या.

भरती-ओहोटीसाठी आपल्याकडे जुना हिशेब आहेच. तिथीला तीनने गुणायचं आणि चाराने भागायचं, की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहाच्या सुमारास. पंचमीला पावणेचार. तिथून सहा तासांनी सुकती, म्हणजे ओहोटी, पूर्ण. काकूचं म्हणणं इथेच तपासलं गेलं: पंचमीच्या पहाटे पावणेचारला भरती, म्हणजे सहा-साडेसहाला पाणी उतरत असणारच. खाडीच्या आतल्या गावांना भरती उशिरा पोहोचते, तेव्हा तुमच्या बंदराचा फरक एकदा पाहून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

फोटो काढाल तर लोकेशन चालू ठेवून काढा. व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोतून तारीख-जागेची माहिती निघून जाते, म्हणून मूळ फाइल ज्याने काढली त्याच्या फोनमध्ये राहू द्या आणि एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या. फोटोत काहीतरी ओळखीचं दिसलं पाहिजे: पूल, साकव, देवळाचा कळस. नुसतं लाल पाणी कुठलंही असू शकतं.

लाल पाण्याबद्दल जरा सांभाळूनच. पहिल्या पावसात जांभ्याची माती उतरते तेव्हाही ओहोळ लालच असतो. माशांचंही तसंच. सगळे मेलेले मासे कारखान्याच्या खात्यावर टाकता येत नाहीत. पाण्यातला प्राणवायू पहाटे सर्वात कमी असतो, त्यामुळे साचलेल्या, उष्ण पाण्यात मासे तसेही मरतात. आणि कोंडीत, म्हणजे डोहात, ब्लीचिंग पावडर टाकून मासे धरणारे महाभाग आपल्याच वाडीत असतात, हे आपल्यालाही ठाऊक आहे आणि कंपनीच्या वकिलालाही. ही कारणं नव्हती हे वहीत आधीच नोंदलेलं असेल, तर पुढे तोंडघशी पडायला होत नाही.

आता या वहीची रुपयांतली किंमत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं पर्यावरणीय भरपाईचं एक सूत्र आहे. त्यात पाच आकडे एकमेकांना गुणतात: उद्योगाच्या प्रदूषणक्षमतेचा अंक (लाल, म्हणजे सर्वात प्रदूषक वर्गाला ८०), नियमभंगाचे दिवस, एक रुपयांतला गुणक (१०० ते ५००, सुचवलेला २५०), उद्योगाचा आकार (मोठ्याला १.५, लहानाला ०.५) आणि जवळच्या वस्तीचा अंक (लहान वस्तीजवळ १). लाल वर्गातल्या मोठ्या कारखान्याला दिवसाला ८० × २५० × १.५, म्हणजे ३०,००० रुपये. चार दिवस सिद्ध झाले तर १ लाख २० हजार, चाळीस दिवस झाले तर १२ लाख. बाकीचे आकडे सरकार भरतं. दिवसांचा आकडा मात्र गावाच्या वहीतूनही येऊ शकतो, आणि मंडळाचा माणूस महिन्यातून एकदा येत असेल तर तो फारसा दुसरीकडून येत नाही.

कोणाचं दार

आपण सगळी पत्रं जिल्हाधिकाऱ्यांना लिहितो आणि खाली दहा प्रती लावतो. दहाही ठिकाणी ती "योग्य कार्यवाहीसाठी" दुसरीकडे जातात. त्यापेक्षा काम वाटून द्या.

कारखान्याला पाणी सोडायची संमती देणं, तपासणं, बंद करणं हे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं काम. आपलं पहिलं दार उपप्रादेशिक कार्यालय, उदाहरणार्थ चिपळूण किंवा महाड. त्याच्यावर प्रादेशिक कार्यालय. रत्नागिरी जिल्हा कोल्हापूरच्या प्रादेशिक कार्यालयाखाली येतो हे अनेकांना माहीत नसतं आणि पत्र भलतीकडे जातं. वसाहतीतले रस्ते, नाले, वाहिन्या एमआयडीसीच्या. सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र, ज्याला सगळे सीईटीपी म्हणतात, ते बहुतेक ठिकाणी उद्योगांनीच स्थापन केलेल्या संस्थेकडे असतं. म्हणून नाल्यातलं पाणी कारखान्याचं की एमआयडीसीच्या फुटलेल्या चेंबरचं यावर ही तिन्ही माणसं एकमेकांकडे बोट दाखवतात. चेंबरचा नंबर लिहून घेतलात की निम्मं भांडण मिटतं.

मासे मेले की मत्स्यव्यवसाय खात्याच्या सहायक आयुक्तांना त्याच दिवशी कळवा आणि पंचनामा मागा. मेलेले मासे बर्फात ठेवा. रत्नागिरीला शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आहे, तिथे विचारणा करता येते. तलाठ्यालाही बोलवा, त्याच्या पंचनाम्याला पुढे फार वजन येतं.

एक दार कुणी ठोठावतच नाही. किनारा नियमन अधिसूचनेप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय किनारा समिती असते आणि तिच्यावर मच्छीमारांसह पारंपरिक किनारी समाजाचे किमान तीन प्रतिनिधी असले पाहिजेत. तुमच्या जिल्ह्यातले ते तिघे कोण, शेवटची बैठक कधी झाली, एवढंच विचारणारं पत्र टाका.

कागद काढणं

प्रत्येक कारखान्याला संमतीपत्र असतं. किती घनमीटर पाणी वापरायचं, किती सोडायचं, कुठे सोडायचं, कोणत्या मर्यादेत, हे त्यात लिहिलेलं असतं. बरीचशी संमतीपत्रं मंडळाच्या संकेतस्थळावर सापडतात. शिवाय जल प्रदूषण प्रतिबंध कायदा १९७४ च्या कलम २५(६) प्रमाणे मंडळाला संमतीच्या अटींची नोंदवही ठेवावी लागते, आणि बाधित व्यक्तीला कामकाजाच्या वेळेत ती बघता येते. आम्ही पहिल्यांदा हे कलम सांगितलं तेव्हा समोरच्या कारकुनाने कायद्याचं पुस्तक मागवलं. ते येईपर्यंत दोन चहा झाले, पण नोंदवही निघाली.

बाकीचं माहिती अधिकारातून. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत, उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर तीस दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. आपल्या राज्यात अर्ज दीडशे शब्दांत आणि एका अर्जात एकच विषय असा नियम आहे, म्हणून मनातला सगळा संताप एकाच अर्जात ओतू नका. "का कारवाई केली नाही?" असा प्रश्न विचारू नका. असलेला कागद मागा. अर्जातला विषय असा लिहिता येईल:

"दिनांक … ते … या कालावधीत … औद्योगिक क्षेत्रातील सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या बहिःस्रावाचे आपल्या कार्यालयाने घेतलेल्या सर्व नमुन्यांचे विश्लेषण अहवाल, नमुना घेतल्याची तारीख, वेळ व ठिकाण यांसह. तसेच याच कालावधीत सदर केंद्रास दिलेल्या कारणे दाखवा नोटिसा, निर्देश व त्यांवरील उत्तरांच्या प्रती. संबंधित फाइलचे प्रत्यक्ष निरीक्षण करावयाचे आहे, दिनांक व वेळ कळवावी."

शेवटचं वाक्य विसरू नका. झेरॉक्सच्या गठ्ठ्यात नसलेली टिपणी फाइलमध्ये सापडते. दुसऱ्या अर्जात वहीतल्या एखाद्या तारखेची ऑनलाइन मोजणी मागा. सीईटीपी आणि अतिप्रदूषक म्हणून ठरवलेल्या सतरा प्रकारच्या उद्योगांना चोवीस तास मोजणारी यंत्रं बसवणं केंद्रीय मंडळाने बंधनकारक केलं आहे. आकडे तासातासाचे असतात. पहाटे तीन ते सहा यंत्र "देखभालीसाठी बंद" होतं असं उत्तर आलं, तर तोही एक कागदच झाला.

आकडे वाचायला अवघड नाहीत. सीईटीपीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याला २०१६ पासून ठरवलेल्या मर्यादा अशा: सीओडी (पाण्यातली घाण रसायनाने जाळायला लागणारा प्राणवायू) लिटरमागे २५० मिलिग्रॅमच्या आत, बीओडी (जिवाणूंना ती कुजवायला लागणारा प्राणवायू) नदीत सोडताना ३० आणि समुद्रात सोडताना १०० च्या आत, तरंगते कण १०० च्या आत, सामू (पीएच) ६ ते ९. नदी आणि समुद्र यांतला बीओडीचा फरक नीट पाहा. वाहिनीचं तोंड खाडीत आत आहे की खरोखर समुद्रात, यावर गावागावात वाद झालेत ते यामुळेच.

नमुना

गावाने स्वतः भरलेल्या बाटलीवर कारखान्याविरुद्ध फौजदारी खटला चालत नाही. त्यासाठी जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे मंडळानेच, मालकाच्या समोर, दोन भाग करून, सील करून नमुना घ्यावा लागतो. तरीही स्वतःचा नमुना घ्याच. त्याने मंडळाला यावं लागतं, आणि हरित लवादापुढे तो निदान चौकशीचं कारण म्हणून ठेवता येतो.

राष्ट्रीय मान्यताप्राप्त, म्हणजे एनएबीएलची मान्यता असलेली प्रयोगशाळा निवडा आणि आधी फोन करून बाटल्या त्यांच्याकडूनच मागवा. तेलाच्या तपासणीला काचेची बाटली लागते. बिसलेरीच्या बाटलीत भरलेल्या पाण्याला कुणी विचारत नाही. बर्फाच्या पेटीतून शक्यतो त्याच दिवशी पोहोचवा, बीओडी उशिरा मोजून उपयोग नाही. विरघळलेला प्राणवायू तर जागेवरच मोजावा किंवा औषध टाकून बांधून ठेवावा लागतो. भरती-ओहोटीच्या खाडीत तो ४ मिलिग्रॅमच्या खाली गेला की माशांना त्रास सुरू होतो असं ढोबळ मानाने धरा.

आणि तीन ठिकाणं घ्या: नाल्याच्या वरच्या अंगाला, नाल्याच्या तोंडाशी, खाली. वरचा नमुना न घेणं ही आम्ही केलेली सगळ्यात महागडी चूक. पैसे वाचवायला दोनच बाटल्या पाठवल्या आणि मग "वरून शहराचं सांडपाणी येतं" या एका वाक्यावर सगळा अहवाल बाजूला पडला.

पैसे थोडेच असतील तर पाण्याऐवजी गाळ तपासा. सोडलेलं पाणी दोन भरत्यांत निघून जातं, पण जड धातू गाळात बसून राहतात. सफाईचा निर्णय शेवटी गाळाबद्दलच असतो.

ग्रामसभेचा ठराव

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ठरलेल्या सभा आहेतच. गणपूर्ती मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांत जे कमी असेल ते. गणपूर्तीअभावी तहकूब सभेतला ठराव समोरच्याला आयता मुद्दा मिळवून देतो, म्हणून त्या दिवशी वाडीवाडीतून माणसं आणा. मुंबईकर चाकरमानी गणपतीत येतात तेव्हा ठराव करू असं दर वर्षी ठरतं, आणि आरत्या-भजनांत राहून जातं.

"प्रदूषण बंद करावे" एवढ्यावर थांबू नका. ठरावात चार गोष्टी असाव्यात: जागा गट क्रमांकासह, वहीतल्या तारखा, काय हवं आहे, आणि गावाच्या वतीने बोलणाऱ्या पाच जणांची नावं. त्या पाचांत पाग टाकणारा एक, कालवं-खेकडे काढणारी एक बाई आणि खारजमीनवाला एक असू द्या. पाचही जण राजकीय पक्षाचे तालुकाध्यक्ष असले तर पहिल्या निवडणुकीत समिती फुटते.

हा ठराव आता आणखी एका कामी येतो. केंद्राने २४ जुलै २०२५ रोजी दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे वेगळे नियम अधिसूचित केले. संशयित दूषित जागांची यादी जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी द्यायची, राज्य मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, मग सविस्तर तपासणी, मग तज्ज्ञ संस्थेकडून सफाईचा आराखडा, आणि जबाबदार कोण ते ठरवून खर्च त्याच्याकडून घ्यायचा, असा त्यांचा क्रम आहे. नगरपालिकेचा कचरा, खाणी, समुद्रातली तेलगळती यांना ते लागू नाहीत. म्हणून ठरावात स्पष्ट लिहा: "सदर जागा संशयित दूषित स्थळ म्हणून यादीत समाविष्ट करावी." यादीत नाव नसेल तर पुढचं घड्याळ चालूच होत नाही.

जनसुनावणी लागली तर

नव्या किंवा वाढीव प्रकल्पाला १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेखाली जनसुनावणी होते. वसाहतीच्या आतल्या उद्योगांना बहुधा सूट मिळते, म्हणून दर वेळी ही संधी येईलच असं नाही. आली तर किमान तीस दिवस आधी वर्तमानपत्रात जाहिरात येते. मराठी सारांश मागून घ्या. आधीची घाण साफ केल्याशिवाय वाढ नको ही मागणी लेखी द्या आणि पोच घ्या. व्यासपीठावर अप्पर जिल्हाधिकाऱ्याच्या खालचा अधिकारी बसता कामा नये, कामकाजाचं चित्रण होतं, आणि शेवटी इतिवृत्त मराठीतून वाचून दाखवावं लागतं. लोक घोषणा देऊन निघून जातात आणि इतिवृत्त रिकाम्या मांडवाला वाचून दाखवलं जातं. दोन माणसं शेवटपर्यंत थांबवा.

सफाईचा आराखडा टेबलावर आला की

ही खरी वेळ. आराखडा शंभर-दोनशे पानांचा, इंग्रजीत येतो. घाबरायचं कारण नाही, आपले प्रश्न साधे आहेत.

पहिला प्रश्न: घाण येणं थांबलंय का? वरचा चेंबर गळत असेल तर खालचा गाळ उपसणं म्हणजे भोक पडलेल्या होडीतलं पाणी उपसत बसणं. स्रोत बंद झाल्याचा पुरावा, म्हणजे निदान काही महिन्यांच्या ऑनलाइन नोंदी, आराखड्याच्या आधी मागा.

दुसरा: कुठवर साफ? "पर्यावरण सुधारणा" असं लिहिलेलं असतं, आकडा नसतो. कोणता धातू किती आहे, किती होईपर्यंत काम चालेल, आणि तुलना कोणत्या स्वच्छ जागेशी. ती जागा वरच्या अंगाची किंवा शेजारच्या खाडीची असावी, आणि ती निवडताना गावाला विचारावं. गाळाचे नमुने किती ठिकाणचे, किती खोलीचे, ते नकाशावर दाखवायला सांगा. आमच्याकडच्या पहिल्या मसुद्यात सगळे नमुने पुलाजवळचे होते, कारण गाडी तिथवर जाते. कोंडी कुठे आहे, गाळ कुठे बसतो, २०२१ च्या पुरात खाडीने पात्र कुठे बदललं, हे पाग टाकणाऱ्याला विचारावं लागलं. त्याने होडीतून नेऊन सात जागा दाखवल्या. पुढच्या मसुद्यात त्यांतल्या चार आल्या. बाकीच्या तीन का गाळल्या याचं कारणही आम्ही लेखी मागितलं.

तिसरा: पद्धत कोणती? ढोबळ मानाने तीन असतात. गाळ उपसून नेणं, जागेवरच झाकणं, किंवा हात न लावता खाडीला स्वतः सावरू देऊन मोजत राहणं. गावाला उपसणं आवडतं, कारण जेसीबी दिसतो. पण बसलेला गाळ ढवळला की त्यातलं विष पुन्हा पाण्यात येतं, आणि त्या हंगामात कालवं संपतात. कांदळवनात तर यंत्र घालणंच बहुधा चुकीचं. त्याला हात लावायला उच्च न्यायालयापर्यंत परवानगी लागते ते वेगळंच. झाकण्याची पद्धत भरतीच्या जोरात आणि आपल्या पावसाळ्यात किती टिकेल, हे विचारा. आणि "स्वतः सावरू द्या" हा कधी शहाणपणाचा सल्ला असतो, कधी पैसे वाचवायची युक्ती. मोजणीचं वेळापत्रक जोडलेलं आहे की नाही, त्यावरून कोणतं ते कळतं.

चौथा: उपसलेलं जाणार कुठे? चिपळूणच्या पुरानंतर वाशिष्ठीतला गाळ काढला तेव्हा तो आपल्या शेतात पडावा म्हणून लोक मागे लागले होते. तो नदीचा गाळ. नाल्याच्या तोंडाचा गाळ तपासल्याशिवाय एक टोपलीही शेतात, रस्त्याच्या भरावात किंवा शाळेच्या पटांगणात जाता कामा नये. तो घातक ठरला तर तळोज्यासारख्या अधिकृत विल्हेवाट केंद्रातच गेला पाहिजे, आणि प्रत्येक गाडीसोबत २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे वाहतुकीचा दाखला, म्हणजे मॅनिफेस्ट, असतो. गाड्या मोजा, नंबर लिहा, मग मॅनिफेस्टच्या प्रती मागा. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत.

पाचवा प्रश्न: केव्हा? पावसात काम होत नाही, १ जूनपासून मासेमारी बंदी, म्हणून ठेकेदार दिवाळीनंतर ते मे एवढंच धरतो. पण तेच कमाईचे महिने. तेव्हा त्या काळातली भरपाई, पिण्याच्या विहिरींची तपासणी आणि कामावरच्या मजुरांच्या संरक्षणाची साधनं आराखड्यातच असावीत. ठेकेदार गावातलीच पोरं घेतो आणि ती हाफ पँटीत गाळात उतरतात. हे मी पाहिलंय, आणि तेव्हा बोललो नाही.

हरकती लेखी द्या, क्रमांक घालून, आणि प्रत्येक हरकतीचं उत्तर लेखी मागा. बैठकीत तोंडी "नोंद घेतली" म्हणतात. त्यानंतर त्याच दिवशी बैठकीत काय ठरलं याचं आपलं पत्र त्यांना पाठवून द्यायचं. त्यांनी खोडून काढलं नाही, की ते फाइलमध्ये आपल्या बाजूने बसतं.

लवाद

मंडळ हललंच नाही तर जल कायद्याच्या कलम ४९ खाली साठ दिवसांची नोटीस देता येते. नोटिशीनंतर न्यायालयात तक्रार केली की मंडळाकडचे संबंधित अहवाल मागायचाही हक्क मिळतो. नाहीतर राष्ट्रीय हरित लवाद, आपल्यासाठी पुण्याचं खंडपीठ. बाधित माणूस स्वतः उभा राहू शकतो, वकील सक्तीचा नाही, पण जाणकार असलेला बरा. इथे मुदतीचा घोळ होतो. लवादाच्या कायद्यातल्या कलम १४ चा वाद कारण घडल्यापासून सहा महिन्यांत न्यावा लागतो. भरपाई आणि पर्यावरण पूर्ववत करून देणं, म्हणजे आपली सफाई, कलम १५ मध्ये येते आणि तिथे पाच वर्षं आहेत. दोन्हींत समाधानकारक कारण दिल्यास साठ दिवस वाढू शकतात. भरपाई मागायची नसेल तर शुल्क हजार रुपये, मागायची असेल तर रकमेच्या एक टक्का.

दोन निकाल हाताशी ठेवा. उरणच्या पारंपरिक मच्छीमारांच्या प्रकरणात लवादाने २७ फेब्रुवारी २०१५ रोजी १,६३० कुटुंबांसाठी सुमारे ९५ कोटींची भरपाई ठरवली. ते प्रकरण बंदराच्या भरावाचं होतं, रसायनांचं नव्हे, पण कुटुंबांची यादी तयार असली की काय होतं ते त्यात दिसतं. तारापूरबाबत अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ मध्ये लवादाकडे गेली, आणि २०२० मध्ये तज्ज्ञ समितीने सुमारे १६० कोटींची रक्कम काढली. चार वर्षं गेली ती मोजण्यातच. म्हणून लवादाने संयुक्त समिती नेमली की ती येण्याच्या दिवशी सगळी कामं सोडून हजर राहा, नमुन्याच्या जागा आपण दाखवा, पंचनाम्यावर सही करण्याआधी वाचा.

गावातलं

हे कुठल्याच कायद्यात नाही. ज्या घरातला पोरगा कंपनीत आहे तो सही करणार नाही, आणि त्याच्यावर बहिष्कार घालून काही मिळत नाही. आमच्याकडे चेंबर कधी फुटतो याची पहिली खबर अशाच एका घरातून येते. कंपनीने देवळाला फरशी दिली, शाळेला संगणक दिले तर घ्या, पण ते घेतल्याचं पत्र आणि खाडीची तक्रार ही दोन वेगळी कागदपत्रं राहू द्या. आणि वर्गणीचा हिशेब दर महिन्याला सोसायटीच्या फळ्यावर लावा. समित्या फुटतात त्या कंपनीमुळे कमी आणि हिशेबामुळे जास्त.

वहीच्या दोन प्रती ठेवायच्या. आमची एक सोसायटीच्या कपाटात असते, दुसरी काकूच्या घरी देव्हाऱ्याखालच्या पेटीत. काम संपल्याचा दाखला ठेकेदाराला गेल्या एप्रिलमध्ये मिळाला. पहिल्या पावसानंतर श्रावणातल्या संकष्टीपासून तिने पुन्हा लिहायला सुरुवात केली आहे. आतापर्यंतच्या अकरा नोंदींत नऊ ठिकाणी "काही नाही" असं आहे. उरलेल्या दोन तारखांचे माहिती अधिकाराचे अर्ज मी काल टाकले.